डाव्या कानाच्या मेंढ्या

कासाबाईनं मेंढीचा पाय मांडीवर घेतला आणि विळ्याच्या टोकानं खुरातला बाभळीचा काटा उकरायला घेतला. समोर उंबऱ्यावर बसून तिचा धाकटा भाऊ अंगद कागद वाचून दाखवत होता. मेंढी हिसके देत होती, आकडे मात्र गुमान पुढं सरकत होते.

परभणी मुंबई राज्याला जोडली गेली त्याच साली तिथं शेतकीचं कॉलेज निघालं होतं. पावसानं वाहून जाणारी माती कशी अडवायची, उघडे माळ पुन्हा गवताखाली कसे आणायचे, हे अंगदला शिकायचं होतं. चार वर्षं लागणार होती. स्कॉलरशिप धरूनही साडेसहाशे रुपये कमी पडत होते. मेंढी अठराला जाते, म्हणजे छत्तीस मेंढ्यांचे सहाशे अठ्ठेचाळीस. पुढं सरकारी नोकरी, एकशेवीस पगार. महिन्याला पंधरा रुपये बापाला धाडले की चार वर्षांच्या आत सगळं फिटलं. खाली त्यानं दोन रेघा ओढल्या होत्या.

हिशेब कसा चोख होता! त्यात बाप होता, सरकार होतं, कॉलेज होतं. ज्या बाईच्या जिवावर तो मांडला होता, तिचं नाव तेवढं कुठं नव्हतं.

त्यांचा बाप बिरू भिंतीला टेकून ऐकत होता. माळावर गवत आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं, एवढंच त्यानं विचारलं. अंगदनं सांगितलं की आधी पाच वर्षं चराई बंद करायची.

"म्हंजे मेंढ्या इकून शिकायचं, आन् शिकून मेंढ्याच हाकलायच्या," बिरू म्हणाला.

अंगदचा आवाज चढला. माळाची माती दरसाल ओढ्यात चालली आहे, दहा वर्षांनी तिथं नुसते दगड राहतील, तेव्हा मेंढ्या काय दगड खाणार, असं तो बरंच बोलला. बाप आता तरी मुद्द्याचं बोलेल म्हणून कासाबाई काटा हातात धरून थांबली. पण बिरू काठी टेकत उठला आणि उद्या मानवतच्या चंद्रभानला बोलावतो म्हणाला. म्हणजे ठरलं.

चंद्रभान मेंढ्यांचा व्यापारी, त्याला तरण्या माद्याच हव्या होत्या. बिरू काठीनं दाखवत गेला. काठी टेकेल ती बहुतेक डाव्या कानाची निघत होती. बिरूच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाला खाच असे, कासाबाईच्या मेंढ्यांच्या डाव्या. बारशाला मामानं तिला एक कोकरू दिलं होतं, हा त्याचाच वंश. नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हा ती सात मेंढ्या घेऊन माहेरी, वालूरला परत आली आणि दहा वर्षांत तिनं त्या वाढवल्या. खाच ज्याची, मेंढी त्याची, हे शेंबडं पोरही सांगेल. बापानं तर त्या खाचा आपल्या हातानं पाडल्या होत्या.

विकलेल्या मेंढीच्या पाठीची चिमूटभर लोकर उपटून देवाच्या टोपलीत ठेवायची, म्हणजे मेंढी गेली तरी बरकत घरात राहते. हे काम घरच्या बाईचं. आई गेल्यापासून ते कासाबाईकडं होतं. छत्तीसही मेंढ्यांची लोकर तिनं तोंडातून अवाक्षर न काढता उपटली, फक्त इतक्या जोरानं की एकेक मेंढी ओरडली. बोलली असती तर भावाचं शिक्षण अडवणारी ठरली असती. वाटा तिचा आणि अडवणारीही तीच. आग लागो असल्या रीतीला.

चंद्रभान मेंढ्या हाकून गेला. नोटा खिशात घालून अंगद देवापुढं डोकं टेकायला आत आला. आठवडाभर आकड्यांत बुडालेला माणूस, त्यानं टोपलीतल्या चिमट्याही मोजल्या. नऊ भरल्या. पुन्हा मोजल्या, नऊच.

"अक्का, बाकीची लोकर?"

कासाबाईनं पदराची गाठ दाखवली. गाठ मुठीएवढी होती.

अंगदनं मनात वजाबाकी केली: सत्तावीस, सगळ्या डाव्या कानाच्या. मग त्याचे कान तापले. बाहेर बिरू दोर वळत होता. त्याचे हात थांबले, पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही. अंगदनं कागद काढला, 'बापाला देणं' खोडलं आणि सत्तावीस मेंढ्यांचे चारशे शहाऐंशी तिच्या नावावर लिहिले. लिहिलेलं तिला वाचूनही दाखवलं.

"माळ मला ठाव हाय," ती म्हणाली. "गवत सरायलंय. दरसाल लांब जावं लागायलंय. तुझी इद्या खोटी न्हाई. हिशेब खोटा हाय."

"आता नीट केला की."

"मेंढी वरसाला कोकरू देती. चार वरसं तू शिकणार, चार वरसं फेडणार. ती कोकरं कुठं हायत?"

अंगदनं पेन्सिल ओली केली. पहिल्या वर्षाची सत्तावीस लिहिली. दुसऱ्या वर्षाची लिहिली. तिसऱ्या वर्षी पहिल्या कोकरांनाही कोकरं झाली आणि चौथ्याला कागद संपला. हाताशी कॉलेजचा अर्ज होता, तोच उलटा करून तो पुढं लिहू लागला.

कासाबाईनं अर्ज त्याच्या हातातून ओढून घेतला, नीट घडी केली आणि त्याच्या खिशात घातली. मग चुलीतला विझलेला कोळसा आणून त्याला दिला आणि पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीकडं बोट केलं.

"हितं लिव्ह," ती म्हणाली. "आकडे नको. एका कोकराला एक रेघ वड. बाला आकडे येत न्हाईत, रेघा येत्यात."