तीन बोटांची पकड

रत्नाच्या दंडावरचे वळ गुरुदत्त कुंभोजकरांनी पहिल्यांदा पाहिले ते एका शुक्रवारी सकाळी. ती वरच्या फळीवरून चहाचा डबा काढत होती. बाही सरकली आणि दंडाच्या आतल्या बाजूला अंगठ्याचा काळानिळा ठसा दिसला. बाहेरच्या बाजूला बोटांचे तीन.

"हे काय?"

"क्लासमध्ये लागलं, बाबा. पडापडीच असते तिथे." रत्नाने बाही खाली ओढली.

गुरुदत्त पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. विशीत सांगलीच्या तालमीत सहा वर्षं घाम गाळलेला. चेपलेला डावा कान अजून त्याची साक्ष देत होता. पडल्याचा वळ कोणता आणि पकडीचा कोणता, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

ते आणि बायको कांचन चार महिन्यांपूर्वी अमेरिकेत, कॅरीला लेकीकडे आले होते. परतायला सहा आठवडे उरले होते. लेकीला कोणाच्या हवाली करून जातोय, हा प्रश्न त्या सकाळपासून त्यांच्या डोक्यातून हलेना.

रत्ना मंगळवारी आणि शनिवारी कम्युनिटी सेंटरमध्ये चिनी कुस्ती शिकायची. शनिवारी कांचनही बरोबर जायची, "तेवढंच बाहेर पडणं होतं" म्हणून. पुढच्या मंगळवारी गुरुदत्त न विचारताच गाडीत जाऊन बसले.

हान सर साठीचे, बुटके, मांजरासारखे हलके. शिष्यांच्या अंगात जाड कॅनव्हासची जाकिटं, बाह्या कोपरापर्यंत. पकड धरायची ती कापडाची: बाही, कॉलर, नाहीतर कमरेचा पट्टा. इथे खांदे टेकवायची भानगड नव्हती. तळपायाखेरीज अंगाचं काहीही जमिनीला लागलं की गडी हरला. हान सरांनी एका धिप्पाड माणसाची बाही ओढली, पाठ वळवली आणि त्याला कमरेवरून अलगद गादीवर घातलं. गुरुदत्तांच्या तोंडून "वा, वस्ताद!" निघून गेलं.

पण नजर लेकीवर होती. तासाभरात तिचा दंड एकदाही कोणी हाताने आवळला नाही.

म्हणजे ती खोटं बोलली होती.

त्या शुक्रवारी पुन्हा ताजे वळ. तेच चार ठसे: अंगठा आणि तीन बोटं. तर्जनीचा पत्ता नव्हता. गुरुवारी काय होतं? गुरुवारी जावई यतीन घरून काम करायचा. रत्ना तीनलाच ऑफिसातून यायची. आणि चार वाजता गुरुदत्त शेजारच्या मोहनरावांच्या मंडळींबरोबर पार्कात फिरायला जायचे.

जेवताना त्यांनी जावयाच्या हाताकडे पाहिलं. यतीनच्या उजव्या तर्जनीला पट्टी होती. पेला त्याने उरलेल्या तीन बोटांनी उचलला.

"बोटाला काय झालं, यतीनराव?"

"कांदा कापताना, बाबा. दोन आठवडे झाले, भरतच नाहीये यार." यतीन हसला. "रत्ना म्हणते, आता तरी चॉपर घे."

रत्ना हसली नाही. निदान गुरुदत्तांना तसं वाटलं.

कांचनला त्यांनी स्वयंपाकघरात गाठलं. ती पोळ्या लाटत होती, उजवी तर्जनी ताठ वर धरून. फेब्रुवारीत गाडीच्या दारात चेमटल्यापासून ते बोट वाकत नव्हतं.

"पोरीच्या हाताकडे बघितलंस?"

"अहो, तुम्हाला सगळीकडे कुस्तीच दिसते." तिने पोळी तव्यावर टाकली आणि वर पाहिलं नाही.

हिलाही माहीत आहे, गुरुदत्तांनी ताडलं. मायलेकी मिळून झाकताहेत.

इथे अशी तक्रार झाली की काय होतं, ते मोहनरावांकडून ऐकलं होतं. पोलीस नवऱ्याला बेड्या घालून नेतात. नोकरी जाते, मागोमाग व्हिसा. रत्नाचं कामाचं परमिटही यतीनच्याच व्हिसावर. एका फोनने दोघांचं घर उठणार. आणि फोन न करता विमानात बसलो तर?

पुढच्या गुरुवारी ते चारला निघाले आणि कोपऱ्यावरूनच माघारी फिरले. गराजचं मोठं दार बंद होतं. आतून धप्प आवाज आला. मग रत्नाचं ओरडणं: "सोड! हात सोड म्हणते ना!" मग यतीनचा आवाज: "पुन्हा! अजून घट्ट!"

गुरुदत्तांनी मोबाइलवर पोलिसांचे तीन आकडे दाबले. पलीकडून बाई बोलली. मोडक्या इंग्रजीत त्यांनी पत्ता सांगितला. जावई माझ्या मुलीला मारतोय, म्हणाले. आणि बाजूचं दार खांद्याने ढकललं.

जमिनीवर पाहुण्यांच्या खोलीतली गादी होती. गादीवर रत्ना उताणी, हसत. तिचा दंड गच्च धरून वर उभी होती कांचन. अंगात रत्नाची ट्रॅकपँट, मोकळी तर्जनी ताठ. यतीन भिंतीला टेकून फोनवर वेळ लावत होता.

"अहो!" कांचन म्हणाली. "तुम्ही आज लवकर कसे?"

फोनमधली बाई अजून बोलत होती. गुरुदत्त म्हणाले, चूक झाली. बाई म्हणाली, ठीक आहे, पण गाडी निघाली आहे. लाइनवरच थांबा.

यतीनचा चेहरा उतरला. "बाबा, कोणाला फोन लावलात?"

आठ मिनिटांत पोलिसांची गाडी आली. तरुण अधिकारी बाईने यतीनला ड्राइव्हवेवर एकट्याला उभं केलं आणि रत्नाची बाही वर करायला सांगितली. जुने पिवळे, नवे निळे वळ पाहून तिचा आवाज थंड झाला. "हे कोणी केलं?"

"मी," कांचन इंग्रजीत म्हणाली. अधिकाऱ्याने एकसष्ट वर्षांच्या त्या बाईकडे पाहिलं आणि पुन्हा यतीनकडे. तिचा विश्वास बसला नव्हता. सासू जावयाला पाठीशी घालतेय, हेच तिच्या नजरेत होतं. गुरुदत्तांना ती नजर ओळखीची वाटली.

ते पुढे झाले. कांचनचा उजवा हात धरून त्यांनी रत्नाच्या दंडावर ठेवला. अंगठा ठशावर बसला. तीन बोटं तीन ठशांवर. तर्जनी हवेत.

"ते बोट वाकत नाही," गुरुदत्त म्हणाले. "आता त्याचा हात ठेवून बघा."

अधिकाऱ्याने यतीनला बोलावलं. त्याची बोटं प्रत्येक ठशाच्या बाहेर जात होती.

"तुम्ही हे का शिकताय?" तिने कांचनला विचारलं. रत्नाने भाषांतर केलं. कांचनने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"फेब्रुवारीत दुकानाबाहेर एकाने पर्स हिसकली. पट्ट्यात बोट अडकलं, मी फरफटले. गाडीचं दार वगैरे काही नाही. शनिवारी हान सर मला हात सोडवायचा डाव शिकवतात. मग गुरुवारी ही माझा हात धरते, मी सोडवते. मग मी हिचा."

सगळं लिहून घेऊन अधिकारी गेली.

"मला का नाही सांगितलंत?" गुरुदत्तांनी विचारलं.

"काय सांगायचं, बाबा?" रत्ना म्हणाली. "आठ वर्षांची होते. तुमच्या मागोमाग तुमच्या जुन्या तालमीच्या उंबऱ्यात नुसतं पाऊल ठेवलं, तर दंडाला धरून बाहेर काढलंत. बायकांनी मातीत यायचं नाही म्हणून. आईला कसं येऊ दिलं असतंत?"

यतीन आत आला.

"बाबा, मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं. तुम्ही नाही म्हणाला असतात. माझा विश्वास बसला नसता."

यतीनने मान हलवली. गादी उचलायला तो वाकला. गुरुदत्तांनी घाईने दुसरं टोक धरलं.

"राहू द्या, बाबा," यतीन म्हणाला. त्याने एकट्यानेच गादी खांद्यावर घेतली आणि घरात नेली.