ठोकळ्याच्या खिडक्या

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, पण तुमच्या ओळखीच्या व्हॅनसारखी नाही. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा चालकाच्या काचा सोडल्या तर मला एकही खिडकी नव्हती. मागे नुसता पांढरा पत्रा. मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत मी कामाला लागले. मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोहोचवायच्या. गरम इस्त्रीचा वास माझ्या पोटात कायम भरलेला असे.

लाँड्रीत गठ्ठे बांधायला जंगलाकाठच्या वस्तीतून एक बाई येई. ती आदिवासी होती. शहर वसलं त्याच्या कितीतरी आधीपासून तिची माणसं त्या जंगलात राहत होती. घरात सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. मला 'ठोकळा' हे नाव तिनेच ठेवलं. गठ्ठा आत टाकला की माझ्या दारावर थाप मारून म्हणायची, "चल ठोकळ्या, पळ आता." मला जरा राग यायचा, पण ती नसली की दिवस सुना वाटायचा.

एका संध्याकाळी धाकटी कामावरून सुटली आणि घरी पोहोचलीच नाही. रस्त्याच्या कामावरच्या एका मजुराने तिला बिनखिडक्यांच्या पांढऱ्या गाडीत बसताना पाहिलं होतं. ती गाडी मी नव्हते. मी तेव्हा लाँड्रीच्या आवारात कुलपात होते. तिची आई आणि थोरली बहीण धावत पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या साहेबाने मान वर न करता सांगितलं, की तुमच्या वस्तीतल्या बाया अशाच जातात आणि चार दिवसांनी परत येतात. गाडी शोधायला कुणी गेलं नाही. मजुराला कुणी काही विचारलं नाही. रंग आणि पत्रा तोच असून मला बघायलासुद्धा कुणी आलं नाही.

मित्रांनो, एक बाई नाहीशी झाली की तिच्याबरोबर पुष्कळ काही नाहीसं होतं. धाकटीचा भाऊ वेल्डर होता, थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध. त्याने बोलणंच टाकलं. वस्तीतल्या बायांनी शहरातली कामं सोडली. थोरल्या मुलींच्या शाळा सुटल्या, कारण शाळेचा रस्ता तोच होता. अनोळखी माणूस दिसला की आया पोरांना घरात ओढून घेत. धाकटीची मुलगी तेव्हा एवढीशी होती. तिला आजीने वाढवलं आणि नजरेआड कधी होऊ दिलं नाही.

इकडे लाँड्रीत नवी गाडी आली आणि मला आवाराच्या कोपऱ्यात ढकललं गेलं. वर्षं सरली, चाकांतली हवा गेली, पत्र्याला गंज चढला. माझ्या पोटात मांजरीने पिल्लं घातली. शेवटी मला भंगारातून कुणी उचललं, तर धाकटीच्या थोरल्या बहिणीने. तिला सगळे मावशी म्हणत. गाडी शिकताना तिने माझे गिअर असे काही खरवडले, की वस्तीतली पोरं कानांत बोटं घालून हसत. पण तिचा निश्चय पक्का होता. वस्तीतली एकही बाई यापुढे त्या रस्त्याने एकटी जाणार नव्हती. वेल्डर मामाने मुकाट्याने आत बाकं बसवली, मला हिरवा रंग दिला.

पहिल्या सकाळी मावशीने ऐटीत हॉर्न वाजवला. बाया आल्या, आत डोकावल्या आणि एकेक जण काढता पाय घेऊ लागली. एकीचा गुडघा दुखत होता, एकीची चूल पेटलेली होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मावशी संतापली. दारात आयती गाडी आली तर सगळ्यांचे गुडघे एकदम कसे दुखतात, असं ती वस्तीभर ऐकवत फिरली.

धाकटीच्या मुलीला शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. वर्ग सुरू होणार होते. ती हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. आजी काही केल्या ऐकत नव्हती. तरी त्या सकाळी पोर दप्तर घेऊन आली, माझ्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला.

"आता तूसुद्धा?" मावशी म्हणाली.

पोर हळूच म्हणाली, "मावशी, आत बसलं की बाहेरचं दिसत नाही. आपण आत आहोत हे बाहेरच्यालाही दिसत नाही. आई अशाच गाडीत बसली होती."

मावशीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इतक्या बाया इतके दिवस जे बोलू शकल्या नव्हत्या, ते पोरीने बोलून टाकलं होतं.

माझ्या चाकाशी बसलेला वेल्डर मामा उठला. खिशातून खडू काढून म्हणाला, "आत बस. तुझे डोळे येतात तिथे पत्र्यावर टकटक कर." किती वर्षांनी त्याचा आवाज फुटला होता!

पोर बसली. टकटक झाली. मामाने बाहेरून तिथे चौकट आखली. मग दुसरी बाई बसली, मग तिसरी. गुडघेवालीसुद्धा आली. एक उंच, एक बुटकी, म्हणून माझी एकही खिडकी दुसरीच्या ओळीत नाही. काचा एका मोडक्या बसमधून आणल्या. पत्रा कापताना दुखतं का, असं मला लहान मुलं विचारतात. दुखलं. पण ठिणग्या थांबल्या आणि पहिल्यांदाच माझ्या पोटात ऊन पडलं.

शेवटी आजी चढली. काचेतून रस्त्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पोरगी शिकायला जाईल. मीही येणार. मला ठाण्याच्या दारात उतरवायचं."

तेव्हापासून आमची फेरी तशीच चालते. आधी ठाणं, मग दवाखाना आणि कॉलेज. आजीबरोबर गाडीतल्या सगळ्या उतरतात आणि रोज तोच प्रश्न विचारतात, की आमची धाकटी कुठे आहे? आधीच्या साहेबाने त्यांना हाकललं, दुसऱ्याने टाळलं. तिसऱ्याने मात्र मजुराला बोलावून त्याचा जबाब घेतला आणि पांढऱ्या गाडीचा तपास सुरू केला. धाकटी अजून सापडलेली नाही. शोधही थांबलेला नाही.

मित्रांनो, माझा रंग पुन्हा उडाला आहे, त्याचं मला फारसं वाटत नाही. तुमच्याकडे माझं मागणं वेगळंच आहे. उद्या तुमच्या वर्गातली एखादी मुलगी म्हणाली, की आई रात्री घरी आली नाही, तर ती आई कुठली आणि कशी होती याच्या गप्पा करू नका. घरातल्या मोठ्यांना हाताला धरून उठवा. ते नाही उठले तर शाळेतल्या बाईंना सांगा. त्यांनी नाही ऐकलं तर आणखी कुणाला तरी सांगा.

आत्ता मी ठाण्यासमोर उभी आहे. आजी कठडा धरून पायऱ्या चढते आहे, तिच्यामागून पोरी चालल्या आहेत. इथे गाडी लावू नका, असं शिपाई मावशीला दुसऱ्यांदा सांगून गेला. मावशीने किल्ली काढून पदराच्या गाठीत बांधली आहे. उत्तर मिळेपर्यंत आम्ही दोघी इथून हलणार नाही.