एक थेंबसुद्धा नाही

माझ्या नवऱ्याला डाग दिसतात. हा त्याचा स्वभावही आहे आणि नोकरीही. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस आहे. दिवसभर त्याच्या समोरून पट्ट्यावर झाकणं सरकत असतात आणि ज्याच्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असेल ते तो उचलून बाजूला टाकतो. संध्याकाळी घरी आला तरी त्याचे डोळे कामावरच असतात. आधी भांड्यांवर फिरतात, मग आरशावर, मग माझ्यावर. लग्नाला नऊ वर्षं झाली, मला अजून बाजूला टाकलेलं नाही, यातच मी समाधान मानते.

अशा माणसाने पोर्चमध्ये पांढरीशुभ्र फरशी बसवून घेतली. का, ते विचारू नका. मी विचारलं होतं, तर म्हणाला, "डाग पडला की लगेच दिसतो." म्हणजे डाग दिसावा म्हणून फरशी.

त्याच पोर्चमध्ये बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मोटरसायकल उभी असते. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. गाडीचं ऑइल आणि ऑइलचा फिल्टर ते स्वतः बदलतात. गॅरेजवाल्याने गाडीला हात लावलेला त्यांना खपत नाही. जुन्या सिमेंटच्या जमिनीवर त्यांच्या तीस वर्षांच्या कामाची नोंद होती. सासूबाई त्या डागांवरून घराचा इतिहास सांगायच्या. दाराजवळचा लांबट डाग माझा नवरा दहावीला होता तेव्हाचा, आणि खिडकीखालचा मोठा आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचा. तो सगळा इतिहास आता पांढऱ्या दगडाखाली गाडला गेला.

फरशी बसवणारा मिस्त्री जाताना म्हणाला होता, "हा दगड तहानलेला असतो, साहेब. ऑइलचा थेंब पडला की पिऊन टाकतो. मग डोकं आपटलं तरी निघत नाही." आणि गाडीवरून हात फिरवत पुढे म्हणाला, "ही कधी काढायची झाली तर आधी मला सांगा."

नवऱ्याने हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर एक कागद चिकटवला. ऑइल पोर्चमध्येच बदलायचं, कारण गल्लीत उतार आहे. खाली चादर, कागद, पुठ्ठा काहीही अंथरायचं नाही. फरशीवर एक थेंबसुद्धा पडला, तर गाडी मिस्त्रीला द्यायची. खाली सही आणि तारीख. बाबांनी तो कागद दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं आणि शेजारी स्वतःची सही केली. बाप तसा लेक.

आता चादर अंथरली की प्रश्न मिटला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि सरळ विचारलं.

"प्रश्न फरशीचा नाहीये," तो म्हणाला. मग बराच वेळ ओटा पुसत राहिला, जो मी आधीच पुसला होता. "त्यांचा हात थरथरतो. परवा कपातला अर्धा चहा बशीत गेला. तो हात घेऊन ते रोज रस्त्यावर जातात, आणि मागे तू असतेस. मी काय करू? बाबा, तुम्ही म्हातारे झालात, असं तोंडावर सांगू? तू सांगतेस?"

मी सांगणार नव्हते. म्हणजे जे बोलायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही, ते आता दगडाने बोलायचं असं ठरलं.

आणि मला ते नको होतं. बाबा रोज सकाळी मला ग्रंथालयात सोडतात, मी तिथे नोकरी करते. अकरा मिनिटांचा रस्ता. घरात हा माणूस मोजून चार शब्द बोलतो, पण गाडी सुरू झाली की त्यांची जीभही सुरू होते. लहानपणी विहिरीत पडलेली बादली, पहिल्या नोकरीतला तिरसट साहेब, सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घातलेला उसना शर्ट. अर्धं वाऱ्यात उडून जातं, मला ऐकूच येत नाही. मी नुसतं "हो बाबा" म्हणते. पण घरात डोळे आणि ग्रंथालयात शांतता, यांच्या मधली ती अकरा मिनिटं माझी आहेत. शिवाय मी रोज त्यांच्या खांद्यावरून बघते. हँडल धरलेला हात थरथरत नाही. नवऱ्याला हे मी सांगितलं, पण तो म्हणाला, "तू मागे बसतेस, तुला काय दिसणार."

बाबांनी आठ दिवस सराव केला. फिल्टर म्हणजे काय, तर ऑइलने भरलेला एक डबा, इंजिनच्या पोटाला आडवा फिरवून बसवलेला. सोडवला की आतलं ऑइल बाहेर येणारच. म्हणून त्यांनी साखरेचा घट्ट पाक केला, बरणीत भरला, बरणी आडवी धरली, तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि पिशवीच्या आत हात न घालता बाहेरूनच झाकण फिरवायला लागले. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

"आयुष्यात कधी गॅस पेटवला नाही," सासूबाई मला म्हणाल्या, "आणि आता दिवसातून दोनदा पाक." तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. पाचव्या दिवशी मुंग्यांनी पाहुणे बोलावले. सातव्या दिवशी पाक सांडला नाही, तर मुंग्या हिरमुसून परत गेल्या.

रविवारी सकाळी मिस्त्री आला तो हेल्मेट घेऊनच. चालत आला होता.

"गाडी घरी न्यायची तर हेल्मेट लागणारच," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. हेल्मेट मांडीवर, पाहुण्याच्या बाळासारखं. नवऱ्याने कारखान्यातलं भिंग आणि टॉर्च आणला होता. मी बघायला उभी होते. सासूबाई म्हणाल्या, मला बघवणार नाही, आणि दारातच थांबल्या.

बाबांनी इंजिन तीन मिनिटं चालवलं. कोमट ऑइल पटकन आणि पूर्ण उतरतं. मग घमेलं खाली सरकवलं, पण ऑइल सोडायच्या बोल्टच्या बरोबर खाली नाही, चार बोटं पुढे. बोल्ट सुटला आणि ऑइलने पुढे उडी मारली ती थेट घमेल्यात. मिस्त्री नकळत "वा" म्हणाला. मग धार बारीक झाली, दोरा झाली, थेंब थेंब झाली, आणि बाबा नुसते बसून राहिले. दहा मिनिटं.

"आता कशाची वाट बघताय?" नवरा म्हणाला.

"संपण्याची," बाबा म्हणाले. "घाई करतो तो सांडतो."

बोल्ट परत लागला. फिल्टरखाली त्यांनी पुठ्ठ्याची पन्हळ खोचली, अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेली, म्हणजे ओघळ आला तर घमेल्यात जाईल. नवरा पुढे झाला, पण नियम अंथरण्याचा होता, खोचण्याचा नव्हता, म्हणून मागे आला. मग पिशवी. बाबांनी ती फिल्टरवर चढवली, बाहेरूनच तो मुठीत धरून फिरवला. अर्धा आटा. थांबले. आणखी अर्धा. ऑइल पिशवीत उतरताना दिसत होतं. शेवटी फिल्टर सुटून अलगद पिशवीत पडला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता फक्त पिशवीला गाठ मारायची होती. आणि हात थरथरला.

पिशवीच्या बाहेरच्या बाजूने एक काळा थेंब ओघळला, टोकाला लोंबकळला आणि खाली पडला, माझ्यापासून एक पाऊल दूर. मी विचार केला नाही. माझा डावा पाय आपणहून पुढे गेला आणि चप्पल त्याच्यावर बसली. वर बघितलं तर सगळे पिशवीकडेच बघत होते. निदान मला तसं वाटलं.

बाबांनी पिशवी घमेल्यात ठेवली, इंजिनची कड फडक्याने पुसली आणि जुनी रबरी रिंग दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "ही इंजिनलाच चिकटून राहिली आणि हिच्यावर नवीन बसली, तर सगळं ऑइल बाहेर. आधी ही बघायची." नव्या फिल्टरच्या रिंगला त्यांनी ऑइलचं बोट लावलं आणि हातानेच तो घट्ट बसवला.

एवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, मागच्या चाकापाशी पोचल्या आणि तिथेच थांबल्या.

"घ्या की चहा," त्या म्हणाल्या.

"इकडे आणा ना, आई," मी म्हटलं.

"तू ये. तरुण आहेस."

मी गेले नाही, म्हणजे जाऊच शकत नव्हते. नवराही गेला नाही. हा माणूस चहासाठी झोपेतून उठतो, आणि आता तीन पावलांवरच्या कपाकडे बघत होता, तरी हलत नव्हता. बाबा नवीन ऑइल ओतत होते. चहावर साय धरली.

ऑइल भरून झालं, इंजिन सुरू झालं, फिल्टरच्या कडेने काहीच पाझरलं नाही. बाबांनी इंजिन बंद केलं आणि एकेक बोट फडक्याला पुसत म्हणाले, "बघ बाबा, काय ते बघून घे."

नवऱ्याने टॉर्च लावला आणि उभ्या जागेवरूनच फिरवला. "इकडे ठीक आहे. तिकडेही ठीक आहे." भिंग खिशातच राहिलं. एका झाकणासाठी गुडघ्यावर रांगणारा माणूस. तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. उजवा पाय असा वाकडा टाकलेला होता, जसा कुणी सरळ मनाने टाकत नाही. मी वर बघितलं. तो माझ्या डाव्या पायाकडे बघत होता.

मला त्या क्षणी तो फार आवडला. नऊ वर्षांत इतका आवडला नव्हता.

मिस्त्री उठला. "साहेब, उभं राहून काय कळणार? सगळे जरा बाजूला व्हा."

कुणी हललं नाही.

"माझ्या पायाला मुंग्या आल्यात," सासूबाई म्हणाल्या. "मला हलता येत नाही."

"तपासणारा मी आहे," नवरा म्हणाला. "तपासलं."

मिस्त्रीने सासूबाईंच्या पायांकडे बघितलं, नवऱ्याच्या, मग माझ्या. मग बाबांकडे. बाबा अजून करंगळी पुसत होते, आणि रिकामा झालेला त्यांचा हात थरथरत होता. मिस्त्री थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग दोन पावलं पुढे आला, वाकला आणि हेल्मेट घमेल्याशेजारी फरशीवर ठेवलं. नीट, जागा बघून.

"एक थेंबसुद्धा नाही, काका," तो म्हणाला. "माझ्या हातून फरशी बसवतानाही एवढं स्वच्छ काम होत नाही."

तो फाटकापर्यंत गेल्यावर मी हाक मारली. "अहो, हेल्मेट राहिलं."

"राहू दे. नेईन कधीतरी. तोवर हलवू नका."

बाबांनी गाडी फाटकाबाहेर काढली, डोक्यावर स्वतःचं हेल्मेट चढवलं, माझं हातात धरलं आणि वळून म्हणाले, "चल, सूनबाई, एक फेरी मारू."

मी तिथेच उभी. बाबा वाट बघत होते. हात पुढे केलेला, हेल्मेट हलत होतं. मी गेले तर थेंब उघडा पडणार, नाही गेले तर त्यांना वाटणार, हिचाही आपल्यावर भरवसा राहिला नाही.

"जा तू," नवरा हळूच म्हणाला. त्याने उजवा पाय होता तिथेच ठेवला, डावा लांब केला, आणखी लांब केला आणि माझ्या चपलेला टेकवला. मी पाय काढला, त्याने आपला सरकवला. पोर्चच्या मधोमध तो कंपास फाकवल्यासारखा उभा राहिला, चेहऱ्यावर तपासनिसाची गंभीर मुद्रा. मागे ट्रे घेतलेल्या सासूबाई. "लवकर या," त्या म्हणाल्या. "माझे हात भरून आलेत."

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. हँडलवरचा हात दगडासारखा स्थिर होता.

"किती?" बाबांनी विचारलं.

"काय किती?"

"थेंब. मी चार मोजले."

वारा होता, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

"पुढच्या वेळी फिल्टर तू काढ," ते म्हणाले. "मी शिकवतो. तू काढ, आणि मी फरशीवर उभा राहीन."

या वेळी मला शब्दन् शब्द ऐकू आला होता. तरी मी नेहमीसारखंच म्हटलं, "हो बाबा."