कप्प्याचं नाव

शिवणवर्गाचा कॉम्प्युटर पार टेकीला आला होता. दुपारी दुरुस्तीवाला येऊन सगळं पुसून नव्याने भरणार होता, आणि त्या सगळ्यात बाईंचे चाळीस धडे होते. बाई म्हणजे वर्ग आता चालवणाऱ्या वहिनीच्या सासूबाई. गेल्या वर्षी जाण्याआधी त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून कटिंग शिकवून ठेवलं होतं. त्यांचा आवाज आता तेवढ्यातच उरला होता.

वहिनी मुळात त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्यांच्या मुलाशी लग्न झालं, तरी तोंडात 'बाई'च बसलं. "आता तरी आई म्हण गं," त्या म्हणायच्या. वहिनी नुसती हसायची. जीभ काही वळायची नाही. नणंदेला हे कायम खुपायचं.

आज तीच नणंद फोनवर होती. पेनड्राइव्ह निम्म्या धड्यांतच भरला, तेव्हा तिने दुसरी युक्ती काढली. अख्ख्या डिस्कचा एकच कप्पा होता. त्यातली रिकामी जागा कापून दुसरा कप्पा करायचा, धडे तिकडे हलवायचे, मग पहिला खुशाल पुसू दे.

"कापायचं?" वहिनीने विचारलं. वीस वर्षं कात्री चालवलेल्या हाताने माउस जेमतेम दोन बोटांनी धरला होता.

"डिस्कची पट्टी दिसतेय ना, तिचं टोक धरून डावीकडे ओढ. दिसला दुसरा तुकडा?"

"दिसला हो वन्सं! पण धडे कापले गेले तर?"

"अगं वेडाबाई, अजून काही झालेलंच नाही. 'लागू करा' दाबेपर्यंत सगळं नुसतं चित्र."

"म्हणजे खडूच्या खुणा!"

"हं, खडूच्याच म्हण."

मग काय, वहिनीच्या जिवात जीव आला. रेघ दोनदा सरकवली, एकदा पुसली, जागा पुन्हा मोजली, अगदी बाईंनी लावलेल्या शिस्तीने. श्वास रोखून बटण दाबलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत संपली. धडे पलीकडे गेले. तिने मोजले, चाळीसच्या चाळीस.

"कप्प्याला नाव काय दिलंस?" नणंदेने विचारलं. "कुठला पुसायचा नाही, ते दुरुस्तीवाल्याला सांगायला हवं."

वहिनी घुटमळली. "आई."

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. "बजावून सांग हं त्याला."

"आईंना कोण हात लावतोय, बघतेच मी," वहिनी म्हणाली, आणि तिने पहिला धडा लावला.