एकच गेट चुकलंय

इल्पो स्वतःच केक कापत होता. आमच्या विद्यापीठात नोकरी सोडून जाणाऱ्यानेच केक आणायचा असतो, मग तो राजीखुशीने जात असो की त्याला घालवलेलं असो. त्यातून याने रानबेरीचा महागातला आणला होता. मला त्याचा रागच आला. या लोकांसाठी कशाला?

आमचा प्रोग्रॅम सर्किटमधल्या तारांना शून्य किंवा एक अशा किमती देतो, त्या तारा जिथे जुळतात त्या गेटांपैकी नियम मोडणारी किती ते मोजतो आणि एकेक किंमत उलटी करत तो आकडा शून्यावर आणू पाहतो. पैसे देणाऱ्या कंपनीचं सर्किट सगळा हिवाळा एकावर अडून बसलं होतं. एकच गेट चुकलंय, काम होतच आलंय, असं प्रोफेसर यालमारी जो भेटेल त्याला सांगत सुटला होता. इल्पोला ते सहन होईना. ते गेट सरळ केलं की त्याच्या मागची बिघडत, ती सरळ करावीत तर त्यांच्याही मागची. म्हणून त्याने मोजायची रीतच बदलली. किती गेट चुकली ते बघायचं नाही, ती सुधारायला मागे किती उलथापालथ करावी लागेल ते बघायचं. एकाचा आकडा हजारावर गेला. आणि हा शहाणा नेमका तोच आकडा घेऊन कंपनीच्या लोकांसमोर उभा राहिला.

"होत आलंय ना मग?" त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं.

"नाही," इल्पो म्हणाला. "अजून सुरुवातच आहे."

यालमारीने त्याच्याशी बोलणं टाकलं. वसंतात इल्पोचा करार संपला, तो पुढे वाढवला नाही. इल्पोला या कामाखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि नकोही होतं.

केकला मात्र यालमारी वेळेवर आला. दुसरा तुकडा घेता घेता म्हणाला, "तुझं ते मोजमाप घातलं बरं का आपण प्रोग्रॅममध्ये. काल सुटलं सर्किट, शून्यावर आलं."

सगळे आपापल्या कॉफीत बघू लागले. इल्पोचे कान लाल झाले.

"मग मी राहू का, यालमारी?"

इतक्या वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. 

"जागा भरली रे," यालमारी म्हणाला. "केक पण झकास आणलास हं."

इल्पोने मान डोलावली. आम्ही बशा तशाच टाकून खोल्यांकडे वळलो. थोड्या वेळाने मी माझा कप ठेवायला गेले, तर तो बाह्या सारून बेसिनपाशी उभा होता. सगळ्यांच्या बशा धुऊन झाल्या होत्या. यालमारीची तेवढी हातात होती, तीही तो नीट घासत होता.