माझ्या तळाशी उरलेली दवा

मी एक जुना, पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप आहे. मित्रांनो, देवासकडच्या हाटपिपल्याजवळ वीरेंद्ररावांच्या शेतात माझी उमर गेली. माझ्या पोटातून इतकं तणनाशक गेलं, की बांधावर किडामुंगी दिसेना. तरी लोक म्हणत, काय जोरदार पंप आहे! विष ओकणाऱ्याचं कौतुक, दुसरं काय.

यंदा वीरेंद्ररावांची लेक वैभवी अडून बसली. विहिरीलगतच्या सोयाबीनात तणनाशक नको, घर तेच पाणी पितं. ज्वारीची ताटं आणि निलगिरीची पानं भिजवून तिनं अर्क काढला. त्यानं तण लगेच जळत नाही, दबतं. तेवढ्यात सोयाबीन पुढं निघतं. वीरेंद्रराव म्हणाले, कर. पण पीक बिघडलं, तर मी तणनाशकाची बाटली उघडणार.

तेवढ्यात शेजारच्या अमनभियानं मला मक्यात तणनाशक मारायला नेलं; ते मक्याला चालतं, सोयाबीनला नाही. आमच्याकडं उसनं भांडं रिकामं परतवत नाहीत. त्यानं प्रेमानं थोडी दवा तळाशी ठेवली आणि सांगायचं विसरला. वैभवीला ते धुतल्याचं पाणी वाटलं. तिनं त्यावरच अर्क ओतला. मला सगळं ठाऊक होतं, पण पंपाला तोंड कुठलं?

सोयाबीनची पानं मुरडली. गाव हसलं, पोरीनं खेताला काढा पाजला. वीरेंद्ररावांनी बाटली आणून माझ्याशेजारी ठेवली.

वैभवी रडली नाही. अर्कानं पानं अशी पिळवटत नाहीत, हे तिनं आधी पाहिलं होतं. तिनं माझ्यात निव्वळ पाणी भरून दारच्या टमाटरच्या एका रोपावर मारलं. दुसऱ्यावर लोट्यानं अर्क शिंपडला.

"बाबा, यांचं काय होतं ते बघा. मग तुमची मर्जी."

वीरेंद्रराव येता-जाता बाटलीकडं बघत. माझा जीव टांगणीला. अखेर पाण्याचं रोप मुरडलं. अर्काचं ताठ उभं राहिलं.

अमनभियाला बोलावलं. तो उलट नाराज. "खाली कैसे लौटाता, काकासाब? महँगी दवा थी, फिर भी छोड़ी."

वीरेंद्रराव उठले. मला उचलून, धुण्याचा सोडा घालून, विहिरीच्या काठावरच विसळायला बसले. वैभवीनं त्यांचा हात धरला.

"बाबा, हे पाणी कुठं उतरेल?"

ते खाली वाकून बघत राहिले. मग मला खांद्यावर टाकून दूर पडीक माळाकडं निघाले.

मित्रांनो, बाटलीवर धोक्याची खूण तरी असते, माझ्यावर काहीच नसतं. विषाचा पंप वेगळा ठेवा. झाडपाल्याला नावं ठेवण्याआधी माझं पोट तपासा. आणि मला धुवायला बसाल, तेव्हा आधी विहीर कुठं आहे ते बघा.