न कापलेलं हसू

आमच्या कॉलेजच्या रेडिओवर सकाळी आठचा कार्यक्रम दोन वर्षं मी केला. माझे उच्चार स्वच्छ, एका शब्दाला अडखळणं नाही. तरी यंदा सरांनी तो मौद्याहून आलेल्या दामिनीला दिला आणि मला तिचं रेकॉर्डिंग एडिट करायला बसवलं. माइकवर 'मले-तुले' बोलणारी पोरगी!

सोमवारी ती पाहुण्यांचं नाव दोनदा चुकली आणि खळखळून हसत सुटली. जाताना म्हणाली, "शामलाताई, तेवढं हसणं कापून टाकजो वं."

मी काहीच कापलं नाही. ऐकू दे साऱ्या नागपूरले!

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम संपताच फोन सुरू झाले. वाडीच्या एक काकू म्हणाल्या, "पोरगी हासली तं किती गोड वाटलं, बाप्पा! रोज हास म्हणा तिले." असे अकरा फोन. दोन वर्षांत मला एकच आला होता, तोही आईचा.

दामिनीनं धावत येऊन मला मिठी मारली. "ताई, तू माझ्यासाठी ठेवलं न ते!"

ती गेल्यावर मी स्टुडिओचं दार लावलं, माइक सुरू केला आणि चुकून हसू फुटल्यासारखं हसण्याची तालीम केली. नऊ टेक झाले.

नऊच्या नऊ मीच कापले.